आधी आकडा की आधी गाणं? ऑनलाइन समीक्षक आणि श्रोत्यांची आवड

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

"समीक्षकांना विचारतो कोण" आणि "समीक्षकांनी लोकांचे कान बिघडवले" ही दोन्ही वाक्यं एकाच चर्चेत, कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. म्हणून प्रश्न जरा फोडून मांडतो. समीक्षकाचा हात तीन ठिकाणी असतो: आपण ऐकायला काय घेतो, ऐकताना कशाकडे लक्ष देतो, आणि ऐकून झाल्यावर किती आवडलं म्हणतो. माझ्या मते पहिल्या ठिकाणी त्याचा जोर सर्वांत जास्त, तिसऱ्या ठिकाणी आपण धरतो त्यापेक्षा कमी. दुसऱ्या ठिकाणाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि टिकाऊ परिणाम तिथेच होतो.

उदाहरणाला पिचफोर्क ही अल्बमांची परीक्षणं छापणारी अमेरिकन साइट घेऊ, कारण त्याचे गुण आणि तारखा सगळ्यांसमोर आहेत. रायन श्रायबरने मिनियापोलिसमध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यात सुरू केलेली ही साइट १९९९ मध्ये शिकागोला गेली. गुण ०.० ते १०.०, तेही दशांशात, म्हणजे १०१ पायऱ्या. २००४ मध्ये मॉन्ट्रियलच्या आर्केड फायर या बँडच्या पहिल्या अल्बमला ९.७ मिळाले. तो काढणारी मर्ज ही उत्तर कॅरोलायनातली छोटी कंपनी. मागणी अशी उसळली की छापलेला माल संपला. त्याच वर्षी गायक ट्रॅव्हिस मॉरिसनच्या पहिल्या एकल अल्बमला सणसणीत ०.० मिळाला आणि त्याच्या आधीच्या बँडची गाणी हौसेने लावणाऱ्या कॉलेज रेडिओंनी हात आखडता घेतला.

आता प्रश्न असा: या दोन्ही वेळी श्रोत्यांची *आवड* बदलली का? की त्यांच्यापर्यंत काय पोचलं तेवढंच बदललं? जाणकारांनी लिहावं. "ज्याची त्याची आवड" एवढंच लिहायचं असेल तर धागा वर काढू नये ही विनंती.

टेपरेकॉर्डर

चांगला धागा. २००४ची साखळी कशी चालायची ते आधी पाहू, मग उत्तर सोपं होतं.

त्या काळी छोट्या कंपनीचा अल्बम श्रोत्यापर्यंत जायला मध्ये तीन माणसं लागत: दुकानात माल मागवणारा, कॉलेज रेडिओवर तबकड्या निवडणारा आणि क्लबात कार्यक्रम ठरवणारा. या तिघांपुढे दर आठवड्याला नव्या सीडींचा ढीग. सगळं ऐकणं अशक्य, म्हणून तिघंही एकाच ठिकाणचा आकडा बघत. दुकानदाराने दहाच्या जागी दोन प्रती मागवल्या की श्रोत्याने तो लेख उघडलेला नसला तरी त्याच्यावर परिणाम झालेलाच असतो. म्हणजे गुण वाचणारे थोडे आणि त्या गुणांखाली येणारे पुष्कळ. या काळाची चर्चा करताना हा मधला टप्पा विसरतात आणि मग "इतके कमी वाचक असलेल्या साइटचा एवढा दबदबा कसा" याचं कोडं पडतं.

ज्याला दुसरी वाट असते त्याचं मात्र समीक्षक फार वाकडं करू शकत नाही. रोलिंग स्टोनने १९६९ मध्ये लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमची सालटी काढली होती. पण बँड अमेरिकाभर दौरे करत होता, एफएम रेडिओवर गाणी वाजत होती. अल्बम खपला. मॉरिसनकडे तेवढं बळ नव्हतं.

चढवणं आणि उतरवणं एकाच हाताने कसं होतं त्याचं उदाहरण फ्लोरिडाच्या ब्लॅक किड्सचं. २००७ मध्ये त्यांच्या चार गाण्यांच्या फुकट ईपीला (छोट्या अल्बमला) पिचफोर्कने ८.४ दिले. बँड रातोरात इंग्लंडपर्यंत पोचला, मोठा करार झाला. २००८ मध्ये पूर्ण अल्बम आला तेव्हा त्याच साइटने ३.३ दिले आणि परीक्षणाच्या जागी पग कुत्र्यांचा फोटो आणि 'सॉरी' एवढंच छापलं. ज्या बँडची सगळी ओळख एका आकड्यावर उभी, त्याच्यासाठी दुसरा आकडा जीवघेणा ठरतो.

गोटीसोडा

दशांश हीच खरी करामत. ७ म्हटलं तर मत वाटतं, ७.३ म्हटलं तर मोजमाप वाटतं. ७.३ आणि ७.४ मधला फरक ओळखू शकणारा कान अजून जन्माला यायचाय.

विदावेडा

मंद्र, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर थेट प्रयोग झालेला आहे. समीक्षकांवर नाही, पण 'इतरांचं मत आधी दिसलं तर काय होतं' यावर. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी कोलंबिया विद्यापीठातून केला, २००६ मध्ये सायन्स नियतकालिकात आला.

मांडणी अशी: अनोळखी बँडची ४८ गाणी, १४,३४१ माणसं. गाणं ऐकायचं, १ ते ५ तारे द्यायचे, हवं तर उतरवून घ्यायचं. काहींना फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसत होतं. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त विभागलं, आणि प्रत्येक जगात त्या जगातल्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडा दिसत होता. सगळ्या जगांची सुरुवात शून्यापासून.

निष्कर्ष दोन. आकडे दिसले की विषमता वाढली: वरची गाणी आणखी वर, खालची आणखी खाली. आणि *कोणतं* गाणं वर जाणार हे जगागणिक बदललं. पहिल्या फेरीत गाणी चौकटीत विस्कळीत मांडली होती. दुसऱ्या फेरीत लोकप्रियतेच्या क्रमाने एकाखाली एक लावली, तर दोन्ही परिणाम वाढले. म्हणजे निव्वळ आकडा दाखवणं वेगळं आणि यादी लावून दाखवणं वेगळं. यादी जास्त ओढते.

मंद्र यांच्या बाजूचा मुद्दा: इतरांचे आकडे न दिसणाऱ्या गटात जी गाणी उत्तम ठरली ती कोणत्याही जगात सहसा तळाला गेली नाहीत, आणि अगदी वाईट ठरलेली सहसा वर आली नाहीत. मधला जो भलामोठा पट्टा आहे त्याचं नशीब मात्र सुरुवातीच्या धक्क्यावर ठरलं.

त्यांनी २००८ मध्ये आणखी एक प्रयोग छापला. त्यात यादी मुद्दाम उलटी केली, तळाचं गाणं पहिलं दाखवलं. खोट्या क्रमामुळे काही गाणी खरोखर लोकप्रिय झाली. पण सर्वांत चांगली गाणी हळूहळू पुन्हा वर सरकली, आणि एकूण उतरवून घेण्याचं प्रमाण घटलं. चुकीची शिफारस केली तर लोक शिफारस केलेलं गाणं टाळतातच असं नाही, एकूण ऐकणंच कमी करतात. समीक्षकांनी हा भाग चौकटीत लावून ठेवावा असा आहे.

वाईट परीक्षणाबद्दल: पुस्तकांवर झालेलं एक काम आहे (बर्जर, सोरेनसन, रासमुसेन, २०१०). न्यूयॉर्क टाइम्समधल्या प्रतिकूल परीक्षणाने नावाजलेल्या लेखकांचा खप सुमारे १५ टक्के घटला, तर अनोळखी लेखकांचा ४५ टक्के *वाढला*. पुस्तकं आणि गाणी एक नव्हेत, पण कारण लागू पडतं: अनोळखी माणसाची मुख्य अडचण तो वाईट आहे ही नसते, तो आहे हेच कोणाला ठाऊक नसतं.

निमशहरी

मग ०.० मुळे मॉरिसनचं भलं व्हायला हवं होतं की?

टेपरेकॉर्डर

@निमशहरी, नाही. तो अनोळखी नव्हता. डिस्मेंबरमेंट प्लॅन या बँडमुळे त्या वर्तुळात त्याचं नाव होतं, आणि ते वर्तुळ नेमकं पिचफोर्क वाचणारं. शिवाय पुस्तकाचं वाईट परीक्षण वाचून उत्सुकतेने ते विकत घेता येतं. इथे मधल्या दुकानदाराने आणि रेडिओवाल्याने मालच ठेवला नाही, तर उत्सुकता असून उपयोग काय?

आज परिस्थिती उलटी आहे. शिव्या खाल्लेला अल्बमही दोन टिचक्यांवर असतो. त्यामुळे शून्य गुणांची भीती गेली आणि दुर्लक्षाची वाढली.

चौथी_पट्टी

मूळ लेखातल्या दुसऱ्या ठिकाणाबद्दल लिहिते, 'कशाकडे लक्ष द्यायचं' त्याबद्दल. इथे गुण देणाऱ्या समीक्षकापेक्षा 'व्होकल कोच रिअ‍ॅक्शन' प्रकारचे व्हिडिओ जास्त काम करतात आणि आपल्याकडच्या श्रोत्यांवर त्यांचा परिणाम सरळ दिसतो.

हे व्हिडिओ बनवणारे बहुतेक पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले. त्यांच्या हातात जी मापं असतात तीच ते लावणार: आवाजाचा पल्ला किती सप्तकांचा, वरचा स्वर छातीच्या आवाजात की शिरस्वरात, श्वास कुठे घेतला, कंप केव्हा सुरू झाला. ही मापं खोटी नाहीत. पण त्यांनी ख्याल किंवा नाट्यगीत मोजलं तर काय निसटतं ते पाहा. समेवर येताना केलेली लयीची ओढाताण, बोलांचं वजन, एकाच स्वराला दोन बाजूंनी लागलेला कण (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श), विलंबितात जागा सोडून थांबणं. शिवाय व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला जातो. तीस सेकंद गाणं, दोन मिनिटं बोलणं. लयीचं म्हणून जे सौंदर्य आहे ते या तुकड्यांत मरतं आणि ताना तेवढ्या उठून दिसतात, कारण तान तीस सेकंदांत मावते. आलाप मावत नाही.

मग त्या व्हिडिओखालची शाबासकीही तशीच येते: "काय रेंज आहे!", "पिच परफेक्ट!" हीच भाषा पुढे प्रत्यक्ष मैफलीच्या चर्चेत शिरते. समीक्षक आपल्याला आवड देत नाही, शब्द देतो. ज्याला शब्द आहे ते ऐकू येतं, ज्याला नाही ते कानावरून जातं.

यावर उपाय 'असे व्हिडिओ बघू नका' हा नाही. आधी ते पूर्ण गाणं न थांबवता ऐकावं, आणि व्हिडिओ बघताना बोलणारा कुठे थांबवतो याच्या वेळा टिपाव्या. पाच-सहा व्हिडिओंनंतर नमुना कळतो. कुणी फक्त वरच्या स्वरावर थांबवतो, कुणी फक्त शब्दांवर. जिथे तो कधीच थांबत नाही ती त्याची आंधळी जागा.

आडाचौताल

चौथी पट्टी यांच्याशी सहमत, पण यात ऑनलाइन असं काय आहे? आपल्याकडे गुण आणि क्रमवारी पूर्वीपासून आहे. आकाशवाणीची बी, बी-हाय, ए आणि टॉप ही प्रतवारी घ्या. ती होती मानधन आणि प्रसारणाची वेळ ठरवायला. पण 'ए ग्रेड कलाकार' हे बिरूद गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर आलं की श्रोता कान टवकारून बसायचा. बिनाका गीतमाला १९५२ पासून. रेकॉर्डांचा खप आणि श्रोतासंघांची पसंती यांवरून पायदान ठरायचं, आणि त्या पायदानावरून पुन्हा खप ठरायचा. विदावेडा यांनी सांगितलेल्या आठ जगांतलं एक जगच की हे. केशवराव भोळ्यांसारखे लोक गायकांची चिकित्सा छापील पानावर करतच होते.

आणि रहमानच्या गाण्यांबद्दलचं ते ठरलेलं वाक्य, "पहिल्यांदा नाही आवडणार, चार-पाचदा ऐक". हे कुणा एका समीक्षकाचं नाही, पण परीक्षणाचंच काम करतं. पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट आवडायला लागते हे मानसशास्त्रज्ञ झायॉन्कने १९६८ मध्येच दाखवलं. त्या वाक्यामुळे रहमानच्या गाण्याला चार जास्तीच्या संधी मिळतात, नवख्या संगीतकाराच्या गाण्याला पंचवीस सेकंद. पाचव्यांदा दोघांनाही ऐकलं तर निकाल काय लागेल?

मंद्रसप्तक

आडाचौताल, फरक आहे. गीतमालेचा क्रम आठवड्यातून एकदा यायचा आणि तोवर गाणी रेडिओवर कानावर पडलेली असायची. भोळ्यांचा लेख मैफलीनंतर यायचा. आज क्रम उलटा आहे. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. दुपारपर्यंत 'पहिल्या श्रवणाचे' व्हिडिओ आणि संध्याकाळपर्यंत रेट युअर म्युझिकसारख्या, श्रोतेच गुण देतात अशा ठिकाणी पाचपैकी सरासरी. ज्याने शनिवारी ऐकायला घेतलं त्याच्या डोक्यात आकडा आधीच बसलेला. रहमानचा मुद्दा मात्र एकदम पटला. वाढीव संधी हीच समीक्षकाची सर्वांत मोठी देणगी, गुण त्यानंतर.

घाईची किंमत समीक्षकही मोजतो. पिचफोर्कने २०२१ मध्ये स्वतःच्या १९ जुन्या अल्बमांचे गुण फिरवले. डाफ्ट पंकच्या २००१च्या अल्बमचे ६.४ होते, ते १० केले. लिझ फेअरचा २००३चा ०.० वरून ६.० वर. इंटरपोल या बँडचे ९.५ वरून ७.० वर *उतरवले*. या वीस वर्षांत गाणी तीच, बदलले श्रोते. म्हणजे ओढ दोन्ही बाजूंनी आहे.

गोटीसोडा

आणि यूट्यूबवरचा समीक्षक अँथनी फँटानो याने २०१० मध्ये कान्ये वेस्टच्या ज्या अल्बमला ६ दिले (पिचफोर्कने १०), त्यावरून लोक अजून त्याच्या मागे लागलेत. तो हलला नाही आणि अल्बमचंही काही अडलं नाही. श्रोत्यांना समीक्षक हवा असतो तो वाद घालायला.

अवांतर: फँटानोचा चेक्सचा शर्ट पिवळा तर चांगलं, लाल तर वाईट. व्हिडिओच्या चित्रावरूनच निकाल कळतो, टिचकी मारायचीही गरज नाही. दशांशापेक्षा हे बरं.

टेपरेकॉर्डर

गोटीसोडा विनोदात खरं बोलले. लोक परीक्षण वाचत नाहीत, चित्र बघतात. परीक्षणं गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवरही तसंच. संगीतात ६१ पासून पुढे हिरवा रंग. निरनिराळ्या प्रकाशनांचे तारे, अक्षरं, दशांश असं सगळं शंभरावर आणून भारित सरासरी काढतात आणि कोणाला किती भार ते उघड करत नाहीत. चारपैकी तीन तारे म्हणजे ७५ हे गणित म्हणून ठीक, पण तीन तारे देणाऱ्याच्या मनात 'बरा आहे' असतं आणि हिरव्या ७५ मध्ये ते 'घ्याच' दिसतं.

आणि ज्या साइटपासून आपण सुरुवात केली तिची गत: २०१५ मध्ये काँदे नास्टने विकत घेतली, जानेवारी २०२४ मध्ये जीक्यू या पुरुषांच्या मासिकात विलीन केल्याचं जाहीर झालं, बरेच लोक गेले. मधले दुकानदार गेल्यावर त्यांना सल्ला देणाऱ्याचं वजन कितीसं राहणार?

निमशहरी

सगळं वाचलं. पण आपल्यावर परिणाम होतो की नाही हे घरी बसून तपासता येतं का? सिद्धांत नको, कृती सांगा.

विदावेडा

येतं. दोन पद्धती. पहिलीला एक मित्र लागतो आणि सहा-आठ आठवडे.

१. मित्राने १२ अल्बम निवडायचे. तुम्ही न ऐकलेले, शक्यतो अनोळखी कलाकारांचे, आणि ज्यांना एकाच समीक्षकाने गुण दिलेत असे. वरचे ४, मधले ४, खालचे ४.

२. नाणं उडवून ६-६ चे दोन गट. अ गटाचे गुण तुम्हाला आधी सांगायचे, ब गटाचे नाही. नाणंच उडवायचं, 'साधारण सारखे' वाटून घ्यायचे नाहीत. माणूस नकळत आवडते एका बाजूला टाकतो.

३. प्रत्येक अल्बम तीनदा, दोन ऐकण्यांत किमान दोन दिवस. दर वेळी ऐकून झाल्यावर लगेच कागदावर गुण. आधीचा कागद बघायचा नाही.

४. सगळं झाल्यावर प्रत्येक अल्बमसाठी 'तुमचे गुण वजा समीक्षकाचे गुण' काढा, उणे चिन्ह सोडून द्या, गटवार सरासरी घ्या. अ गटात अंतर कमी आणि ब गटात जास्त असेल तर आकड्याने ओढलं.

कुठे फसतं ते महत्त्वाचं. अ‍ॅपवर वाजवलं तर मुखपृष्ठ आणि नाव दिसतं, ऐकणाऱ्यांची संख्या दिसते. मित्राने फायलींना ०१, ०२ अशी नावं देऊन, मुखपृष्ठ काढून द्याव्यात. दुसरं, बहुतेक लोक सगळ्याला ७ देतात, मग फरक काही दिसत नाही. तसं होत असेल तर गुण सोडा, दोन-दोन अल्बमांच्या जोड्या लावून 'यातला कोणता' एवढंच विचारा. तिसरं, पहिल्या आणि तिसऱ्या ऐकण्याचे निकाल वेगळे ठेवा. आकड्याचा पगडा पहिल्या ऐकण्यात जास्त आणि तिसऱ्यात कमी असेल, तर तुमचा कान हळूहळू स्वतःवर येतोय. तिसऱ्यातही तसाच असेल तर पगडा पक्का. बारा अल्बमांतून विज्ञान सिद्ध होत नाही, स्वतःबद्दल अंदाज येतो.

हार्मनी_कोल्हापूर

विदावेडा यांच्या कृतीत एक छिद्र आहे: आवाजाची पातळी. एकच गाणं एक डेसिबलने मोठं वाजवलं तरी ते 'मोठं' न वाटता 'चांगलं' वाटतं. फायली वेगवेगळ्या काळातल्या असतील, तर १९८५चं मास्टर (छपाईला जाणारी अंतिम प्रत) आणि २००८चं मास्टर यांत आठ-दहा डेसिबलचा फरक सहज निघतो. मग तुम्ही समीक्षकाचा पगडा मोजताय की मास्टरिंगवाल्याचा?

संगणकावर फूबार २००० या प्लेअरमध्ये एकेका अल्बमच्या फायली निवडून रिप्लेगेन (आवाजाची पातळी मोजून समान करणारी सोय) स्कॅन करा, पण 'अल्बम' प्रकारचा. 'ट्रॅक' प्रकारचा केला तर अल्बममधलं हळू गाणं आणि दणदणीत गाणं एकाच पातळीला येऊन रचनाच बिघडते. मग प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये तो लागू केलाय ना ते बघा. स्कॅन करून लागू करायला विसरणं ही नेहमीची चूक. स्पॉटिफायवर ऐकणार असाल तर पातळी समान करण्याचा पर्याय चालू ठेवा (तो उणे १४ एलयूएफएसला आणतो, हे आवाजाच्या मोठेपणाचं एकक). यूट्यूब मोठ्या आवाजाचं कमी करतं पण हळूचं वाढवत नाही, म्हणून तुलनेसाठी यूट्यूब नको.

हाच दोष परीक्षणाच्या व्हिडिओतल्या तुकड्यांत असतो. समीक्षकाचं बोलणं ठळक, त्यामागे गाणं दाबलेलं, कॉपीराइटचा दावा नको म्हणून दहा-पंधरा सेकंद, आणि आपण ऐकतो फोनच्या स्पीकरवर, जिथे १५० हर्ट्झखालचं जवळजवळ काही नसतं. तबल्याचा डग्गा, बेस गिटार गायब. त्यावरून "मिक्सिंग पोकळ आहे" हे समीक्षकाचं मत पटणारच.

निमशहरी

आणि दुसरी पद्धत? मित्र नसलेल्यांसाठी :)

विदावेडा

दुसरी पद्धत जुन्या नोंदींवर चालते. स्पॉटिफायच्या खात्यात गोपनीयतेच्या पानावरून 'विस्तारित' इतिहास मागवा. साधा इतिहास एका वर्षाचाच असतो, विस्तारित खातं उघडल्यापासूनचा. यायला ३० दिवसांपर्यंत लागतात. जेसन (नोंदी साठवायचा एक प्रकार) फायली येतात, एक्सेलमध्ये पॉवर क्वेरीने उघडतात. यूट्यूबवर काय कधी पाहिलं ते गूगल टेकआउटमधून, तिथे एचटीएमएलऐवजी जेसन निवडायला विसरू नका.

मग ज्या अल्बमचं परीक्षण पाहिलंत त्याची तारीख घ्या आणि त्याआधीचे १४ दिवस, नंतरचे १४ आणि नंतरचा तिसरा महिना, असे तीन तुकडे मोजा. नंतरच्या १४ दिवसांत उसळी आणि तिसऱ्या महिन्यात शून्य असेल तर समीक्षकाने फक्त *ऐकायला लावलं*. तिसऱ्या महिन्यातही चालू असेल तर ती तुमची आवड झाली. मंद्र यांची पहिली आणि तिसरी जागा इथे वेगवेगळ्या दिसतात.

सफाई न करता मोजलं तर हमखास चुकतं. ३०,००० मिलिसेकंदांखालच्या नोंदी काढा. 'सुरू होण्याचं कारण' असा एक रकाना असतो. त्यात 'क्लिकरो' असेल तर तुम्ही स्वतः गाणं निवडलं, 'ट्रॅकडन' असेल तर आधीचं संपून आपोआप लागलं. फक्त पहिल्या प्रकारच्या नोंदी मोजा, नाहीतर स्वयंचलित यादीचं श्रेय समीक्षकाला जाईल. घरातल्या सगळ्यांचं एकच खातं असेल तर हा खटाटोप करूच नका, बालगीतं पहिली येतात.

चौथी_पट्टी

विदावेडा, याच्या पुढची पायरी म्हणजे समीक्षक निवडणं. आपल्याशी जुळणारा कोण ते मोजायची सोपी रीत आहे का? की अंदाजानेच?

विदावेडा

@चौथी पट्टी, आहे. तुम्हाला मुरलेले १० अल्बम घ्या, ज्यांवर त्या समीक्षकाने लिहिलंय पण तुम्ही ते *वाचलेलं नाही*. तुमचा १ ते १० क्रम आधी कागदावर लिहा, मग त्याच्या गुणांवरून त्याचा क्रम लावा. प्रत्येक अल्बममागे दोन क्रमांकांतला फरक, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज. त्या बेरजेला ६ ने गुणा, ९९० ने भागा, १ मधून वजा करा. समजा बेरीज ४८ आली: २८८ भागिले ९९०, म्हणजे ०.२९, उत्तर ०.७१. दहा अल्बमांसाठी ०.६५ च्या वर असेल तर निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्याच्या खाली असेल तर 'जुळतो' म्हणायची घाई नको. त्याचे दोन गुण सारखे आले तर दोघांना मधला क्रमांक द्या, उदाहरणार्थ ४ आणि ५ ऐवजी दोघांना ४.५.

उणे ०.७ आलं तर तो समीक्षक टाकू नका. ठरून उलटा जाणारा माणूस जुळणाऱ्याइतकाच उपयोगी, त्याने झोडपलेलं घ्यायचं. बिनकामाचा तो शून्याच्या आसपासचा, त्याची भाषा कितीही सुंदर असो.

गोटीसोडा

शून्याच्या आसपासचेच सगळ्यात वाचनीय असतात हो.

आडाचौताल

ही रीत ख्यालाला लावायची तर अल्बम नाहीत. एकाच रागाची दहा वेगवेगळ्या कलाकारांची ध्वनिमुद्रणं घ्यावी लागतील आणि ७८ गतीच्या तीन मिनिटांच्या तबकड्या वेगळ्या, मैफलीची ध्वनिमुद्रणं वेगळी ठेवावी लागतील. तीन मिनिटांत राग मांडणं हे निराळंच कसब आहे, पन्नास मिनिटांच्या विलंबिताशी त्याची क्रमवारी लागत नाही. यमनपासून सुरुवात करतो. ज्यांना क्रम लावायचाय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नावं काढून फायली पाठवतो, पातळी समान करून.

हार्मनी_कोल्हापूर

आडाचौताल, जुन्या तबकड्यांची खरखर रिप्लेगेनच्या मोजणीत धरली जाते, त्यामुळे त्या हव्या त्यापेक्षा हळू होतात. त्या हाताने दोन-तीन डेसिबल वर घ्या आणि मग पाठवा. मला तीन मिनिटांच्या तबकड्यांचा संच हवाय.